परवानगी कुणाच्या बोटाने?

परवानगी तिने स्वतः दिली होती, असं तुम्ही लिहून कळवलंत. चार ओळींचं पत्र, खाली गोल शिक्का, नाव कुणाचंच नाही. "संबंधित मोबाइलवर सर्व फोटो पाहण्याची परवानगी वापरकर्त्याने स्वेच्छेने दिल्याची नोंद आढळते. सबब प्रकरण बंद करण्यात येत आहे." झालं! एका बाईच्या जिवावर बेतलं होतं आणि तुम्हाला नोंद आढळली. ॲपच्या दुकानांवर देखरेख ठेवायला लोकांनी तुम्हाला बसवलंय, आणि तुम्ही चोराच्याच वहीत बघून चोराला सोडून दिलंत. तेव्हा ती नोंद कशी झाली ते आता सगळं ऐका. मधेच उठायचं नाही.

त्या रविवारी यानवेई गावातल्या राजादेवाच्या देवळापासून निघालेली रांग मासळीबाजाराला वळसा घालून पार कालवांच्या शेडपर्यंत पोचली होती. रांगेत निम्म्याहून अधिक बाया कालवं फोडणाऱ्या. पायात गमबूट, डोक्याला फुलाफुलांची टोपडी, हाताला मिठाचा वास. राजादेव या किनाऱ्यावर किती पिढ्या आहे हे कुणालाच ठाऊक नाही. होडीतून आला, रोगराई हाकलली आणि नंतर कुणाच्या अध्यात ना मध्यात असा देवळात बसून राहिला. गेल्या उन्हाळ्यात लू गुरुजी आपल्या भाच्याला घेऊन गावात आले आणि तेव्हापासून मात्र देवाला एकाएकी घराघरातलं दिसायला लागलं.

मासळीवाल्या हुआंगला देवाने न विचारता सांगितलं, "तुझ्या न्हाणीघराची भिंत फुगलीय, खालून ओल आहे." हुआंग तिथल्या तिथे लोटांगण घालून मोकळा. शाळेतल्या शिपायाला देव म्हणाला, "मुलाच्या गणिताच्या पेपरात एकतीस मार्क पडलेत, त्याला मारू नकोस." बापाने तोवर ते बायकोलाही सांगितलं नव्हतं. ऐंशी वर्षांच्या छुनआजीला देवाने तिच्या मेलेल्या कुत्र्याच्या गळ्यातल्या पट्ट्याचा रंग सांगितला.

"हिरवा!" आजी रांगेतल्या प्रत्येकीला थांबवून सांगत होती. "हिरवाच होता गं बाई! माझ्या नवऱ्याला चाळीस वर्षांत माझ्या डोळ्यांचा रंग सांगता आला नसता!"

या रांगेत बी-जू उभी होती आणि तिच्या मागे तिची वहिनी, यूए-शिया. बी-जू एकोणसाठ वर्षांची विधवा, वयाच्या अकराव्या वर्षापासून कालवं फोडते आहे. यूए-शिया तिच्या भावाची बायको. भाऊ जाऊन नऊ वर्षं झाली, पण बाजाराच्या कोपऱ्यावरचा त्याचा फोटो स्टुडिओ ती एकटी चालवते. ओळखपत्राचे फोटो, लग्नाचे फोटो आणि गावात कुणी गेलं की चौकटीत लावायचा फोटो. लोक आपला मोबाइल तिच्या हातात देऊन म्हणतात, "यातला एक छापून द्या." यूए-शियाचा एक नियम आहे. सांगितलेला फोटो बघायचा, बाकीच्यावर अंगठा सरकू द्यायचा नाही. हा नियम तिला कुणी शिकवला नव्हता. लाज असलेल्या माणसाला तो शिकवावा लागत नाही.

"बी-जू, शुक्रवारी तुझं ऑपरेशन आहे," ती म्हणाली. "गुरुवारी भरती व्हायचंय. ही रांग कशाला?"

"देवाला विचारते, मग जाते. विचारलं तर काय बिघडतं?"

बी-जूच्या डाव्या स्तनात गाठ निघाली होती. जियायी शहरातल्या इस्पितळातले डॉक्टर म्हणाले होते, लवकर सापडलीय, काढून टाकू, पण उशीर करू नका.

देवाला विचारायचं तर आधी दोन दिवस शाकाहार करायचा आणि त्याच्याही आधी देवळाचं 'मंगल सकाळ' हे ॲप मोबाइलवर घ्यायचं, त्यावर नंबर मिळतो, असा नियम होता. बी-जूने ते शुक्रवारीच घेतलं होतं. गावातल्या सगळ्या बायकांना ॲप फार आवडलं होतं. आपला कुठलाही फोटो घ्यायचा, त्यावर कमळं, उगवता सूर्य, राजादेवाचा आशीर्वाद आणि "उठा, आजचा दिवस आनंदाचा जावो" असं आपोआप उमटायचं. रोज पहाटे पाचला अख्खं गाव एकमेकांना कमळं पाठवत सुटायचं. ज्या घरात सासू-सून बोलत नव्हत्या, त्या घरातही कमळं जात-येत होती.

देवळात ढोल सुरू झाला. लू गुरुजी उघड्या अंगावर भरजरी पोटपट्टा बांधून टेबलासमोर उभे होते. मान गरागरा फिरवत होते. "हूं... हा... लो-लो-लो... क्रर्रर्र..." देवाची भाषा सामान्य माणसाला कळत नाही, ती उलगडून सांगायला टेबलाशी भाचा. भाच्याच्या हातात टॅबलेट. देवाचं बोलणं उतरवून घ्यायला म्हणे.

"लो-लो-लो..." गुरुजी घुमले.

भाच्याने टॅबलेटवर नजर टाकली आणि बी-जूकडे वळला. "राजे म्हणतात, बाई, तुझा माणूस माझ्यासमोर बसलाय. लाल मखमलीच्या खुर्चीत. हसतोय. मांडीवर नातू आहे. नातवाच्या डोक्याला वाघाची टोपी."

बी-जूने हात जोडून कपाळ टेबलाला टेकवलं.

"क्रर्रर्र!"

"तुझा माणूस म्हणतो, डाव्या अंगाला सावली पडलीय. एक पूर्णांक चार सेंटिमीटर." देव दशांशासकट बोलत होता, पण हसायचं कुणाला सुचलं नाही. "लोखंड लागलं की सावली अंगभर पसरेल. सुरी लावू देऊ नकोस. एकोणपन्नास दिवस राजांचं मंतरलेलं पाणी घे. सावली आली तशी जाईल."

कुणीतरी रडायला लागलं, मग दहा जणी रडायला लागल्या. एकटी यूए-शिया कोरड्या डोळ्यांनी उभी होती. तिचं लक्ष खुर्चीवर अडकलं होतं.

ती लाल खुर्ची तिच्या स्टुडिओतली होती. तिने ती घेतली तेव्हा बी-जूचा नवरा माओ-शेंग जाऊन वर्ष झालं होतं. आणि नातू जन्मला तो आजोबा गेल्यानंतर दोन महिन्यांनी. नातवाच्या पहिल्या वाढदिवसाला बी-जू हट्टाला पेटली होती, "वहिनी, एकदा तरी दोघांना एकत्र बघू दे." तेव्हा यूए-शियाने कुणाच्या तरी लग्नातल्या जुन्या फोटोतून माओ-शेंगला उचललं, संगणकावर खुर्चीत बसवलं, नातवाला त्याच्या मांडीवर ठेवलं. आजोबांचा हात नातवाच्या पोटाशी नीट बसवायला तिला चार दिवस लागले होते. असं दृश्य या जगात कधी घडलंच नव्हतं. ते फक्त एका फोटोत होतं आणि तो फोटो बी-जूच्या मोबाइलमध्ये.

म्हणजे देवाने माओ-शेंगला बघितलं नव्हतं. फोटो बघितला होता.

दुपारी कालवांच्या शेडमध्ये तिने हे सगळं बी-जूला सांगितलं. बी-जूच्या डाव्या हातात कालव, उजव्यात आखूड पातं. शिंपलं उघड, मांस वाडग्यात, शिंपलं मागे ढिगावर. हात एकदाही थांबला नाही.

"वहिनी, गेलेल्या माणसाला कुठेही बसता येतं. तुझ्या खुर्चीत येऊन बसला असेल."

"आणि नातू? तो तर आत्ता बालवाडीत डबा खातोय!"

"रात्री झोपेत भेटत असतील."

"अगं, वाघाची टोपी मी ढकलून तिरकी केली होती, कारण खाली कान नीट जुळत नव्हता! तुझ्या त्या रिपोर्टचा फोटो तू काढलास ना?"

"मुलाला पाठवायला काढला. मग?"

"त्यात लिहिलंय एक पूर्णांक चार. देवाला सेंटिमीटर कोण शिकवणार?"

"तू कायम अशीच!" बी-जूने पातं टेबलावर आपटलं. "मला भीती वाटते गं वहिनी. कुणीतरी म्हणतंय कापायची गरज नाही, तर तेवढंही तुला बघवत नाही? मी नाही जाणार गुरुवारी. सांगून ठेवते."

यूए-शियाने बी-जूच्या मुलाला फोन लावला. तो दूर थाओयुआन शहरात, कारखान्यात पाळीवर. "मामी, तुम्हीच समजवा, माझं कधी ऐकलंय तिने?" पोलीस चौकीत गेली. तिथला हवालदार म्हणाला, "पाणी पाजणं हा गुन्हा नाही हो." त्याच्या मोबाइलवर कमळ उमललेलं तिने बघितलं. देवळाच्या विश्वस्तांकडे गेली. ते म्हणाले, "गर्दी वाढलीय, बाई. आनंद आहे." तीन दारं, तिन्ही ठिकाणी हसरे चेहरे.

बी-जूला बोलून पटणार नव्हतं. तिला पटेल अशी एकच गोष्ट यूए-शियापाशी होती आणि त्या गोष्टीला गेली पस्तीस वर्षं तिने कुणाला हात लावू दिला नव्हता.

यूए-शियाला मूल नव्हतं. मुलासाठी ती वेगवेगळ्या सतरा देवळांत गेली होती आणि सतराही वेळा सोबत बी-जू होती. औषधं, नवस, दोनदा इस्पितळ, सासूची बोलणी. सगळ्याची साक्षीदार ही नणंद.

त्या दिवशी स्टुडिओचं शटर अर्धं ओढून ती संगणकासमोर बसली. स्वतःचे लहानपणीचे फोटो काढले. नवऱ्याचे डोळे घेतले. संध्याकाळपर्यंत एक मुलगी तयार झाली. पाच वर्षांची, दात पडलेली. बारा वर्षांची, यानवेईच्या शाळेच्या गणवेशात, पिवळी पिशवी खांद्याला. सतरा वर्षांची, धक्क्यावर सायकल धरून. आणि शेवटी पांढऱ्या शेवंतीत ठेवलेला चौकटीतला फोटो. असे चौदा. हात इतका बसलेला होता की तिचं तिलाच क्षणभर वाटलं, ही मुलगी आत्ता शाळेतून येईल. मग ती उठली, तोंड धुतलं आणि ते चौदा फोटो एका जुन्या मोबाइलमध्ये भरले. त्यात दुसरं काहीच नव्हतं. मुलीचं नाव मात्र तिने कुठेही लिहिलं नाही. नाव तिच्या मनात पस्तीस वर्षांपासून ठरलेलं होतं.

सोमवारी ती तो मोबाइल घेऊन रांगेत गेली. देवळाच्या दारात पिवळी जाकिटं घातलेल्या तीन पोरी भक्तांच्या मोबाइलवर ॲप चढवून देत होत्या. यूए-शियाच्या पुढे छुनआजी होती, नातीसाठी नवा नंबर घ्यायला आलेली. आजीने पडद्यावर बोट दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. पडदा ढिम्म.

"आजी, तुमची बोटं झिजलीत," पिवळ्या जाकीटवाली म्हणाली. "द्या इकडे." आणि तिने टक, टक, टक असं तीनदा दाबून मोबाइल परत दिला.

यात नवल काहीच नव्हतं. साठ-सत्तर वर्षं शिंपल्यांच्या धारेवर घासलेली बोटं ती. त्यांच्यावर रेषा उरलेल्या नाहीत, कातडी घट्टे पडून जाड झालेली. मोबाइल त्या बोटांना बोट समजत नाही. गावातल्या सगळ्या कालववाल्या असंच करतात. मोबाइल पुढे करतात आणि जवळ असेल त्याला म्हणतात, "दाब रे जरा." शेडमध्ये त्यात काही लाज नाही. एकीचा मोबाइल दुसरीची नात दाबते. शुक्रवारी बी-जूनेही पिवळ्या जाकीटवालीपुढे असाच मोबाइल धरला होता. अख्ख्या गावाची ती सवय. आणि अख्ख्या गावाची ती चूक.

यूए-शियाचा नंबर आला. पडद्यावर प्रश्न उभा राहिला. ॲपला फोटो बघू द्यायचे का? खाली तीन उत्तरं. सगळे. निवडक. नाही.

"निवडक चालतील ना?" तिने मुद्दाम विचारलं. "मला एकाच फोटोवर कमळ हवंय."

"अहो काकू, देवापुढे निवडक?" पोरगी हसली. "अर्धं मन घेऊन कुणी हात जोडतं का?" आणि यूए-शियाचं बोट चांगलं धडधाकट, ते पडद्यापर्यंत पोचायच्या आत पोरीने 'सगळे'वर दाबून टाकलं. नव्या भक्ताला तिसऱ्या दिवसाचा नंबर. बुधवार, दुपारी तीन.

बुधवारी तिने बी-जूला ओढतच नेलं. "तुझ्या देवाला मीही एक विचारणार आहे. सोबत चल. एवढं तर करशील?" देऊळ खच्चून भरलेलं. ढोल वाजला, गुरुजी घुमले. भाच्याने टॅबलेट बघितला आणि चेहऱ्यावर दुःख आणलं. हे त्याला चांगलं जमायचं.

"राजे म्हणतात, आई, तुझी लेक माझ्यासमोर उभी आहे."

बी-जूने चमकून वहिनीकडे बघितलं.

"सतरा वर्षांची. हातात सायकल. अकाली गेली पोर. लग्नाआधी गेलेल्या मुलीला बापाच्या घरी देव्हाऱ्यात जागा नसते, भटकतेय बिचारी. इथे राजांच्या पायाशी तिच्या नावाचा दिवा लाव, म्हणजे तिला घर मिळेल."

"तिचं नाव काय?" यूए-शियाने विचारलं.

"लो-लो-लो..." गुरुजींनी जरा जास्तच वेळ घेतला.

"लाजतेय," भाचा म्हणाला. "नाव सांगायला लाजतेय."

"आणि काय काय दिसतंय?"

"यानवेईच्या शाळेचा गणवेश. पिवळी पिशवी. लहानपणी पुढचे दात पडलेले. गोड होती हो."

"पुरे!"

हे यूए-शिया ओरडली नव्हती. बी-जू ओरडली होती. ढोलवाल्याचा हात थांबला.

"काय पुरे? कुठली लेक?" बी-जू टेबलाशी गेली. "माझ्या वहिनीला मूल झालं नाही! सतरा देवळं मी तिच्यासोबत पालथी घातलीत! इस्पितळात तिच्या उशाशी मी होते! कुणाची पोर दाखवतोस रे तू?"

भाचा गडबडला, पण धंद्यात मुरलेला. "ताई, राजे पूर्वजन्मीचं बघतात. मागच्या जन्मातली लेक..."

"मागच्या जन्मात यानवेईच्या शाळेचा गणवेश घालत होती काय?" मागून छुनआजीचा आवाज आला. "हा पिवळ्या पिशवीवाला गणवेश येऊन सहाच वर्षं झालीत! माझ्या नातीचा मीच शिवला!"

पहिल्यांदा कुणीतरी हसलं. मग सगळं देऊळ हसलं. आणि पहिल्यांदाच लू गुरुजी माणसाच्या भाषेत स्पष्ट बोलले, "आज देव थकलेत. घरी जा."

"थांबा," यूए-शियाने जुना मोबाइल वर धरला. "ही पोर मी रविवारी संगणकावर केली. चौदा फोटो. या मोबाइलमध्ये दुसरं काही नाही आणि या चौदांपलीकडे तुमच्या देवाला एक अक्षर दिसलं नाही. नाव फोटोत नव्हतं, म्हणून देवालाही ठाऊक नव्हतं. हुआंगभाऊ, तुम्ही न्हाणीघराच्या भिंतीचा फोटो काढला होता का?"

"गवंड्याला पाठवायला काढला होता," हुआंग म्हणाला आणि मग त्याचं तोंड उघडंच राहिलं.

"आणि मास्तरीणबाईंनी पेपराचा फोटो पाठवला होता ना तुम्हाला, शिपाईमामा? आजी, तुमचा कुत्रा सगळ्या मोबाइलभर आहे. कमळं काढायला एक फोटो लागतो. यांनी आपले सगळे नेले. मधले दोन दिवस शाकाहार कशाला? फोटो बघायला वेळ हवा म्हणून! गुरुजी नुसते गुरगुरतात, वाचतो तो भाचा. कुणाला खोटं वाटत असेल त्याने मोबाइलची सेटिंग उघडून बघावं, या ॲपने किती माल बाहेर पाठवलाय."

शिपायाच्या मुलीने उघडून बघितलं. बाकी सगळ्या ॲपनी महिन्यात जेवढं पाठवलं नव्हतं, त्याच्या कितीतरी पट या कमळवाल्याने पहिल्या दोन दिवसांतच पाठवलं होतं. मग शंभर मोबाइल उघडले गेले. शंभर ठिकाणी एकच शब्द. सगळे. सगळे. सगळे. भाचा टॅबलेट पोटाशी धरून मागच्या दाराने पळाला. पिवळी जाकिटं पायरीवर पडलेली सापडली.

बायका आपापला मोबाइल छातीशी धरून उभ्या होत्या. कुणाच्या मोबाइलमध्ये आंघोळ करणारं नातवंड होतं, कुणाच्या जमिनीचे कागद, कुणाची स्वतःची जखम, डॉक्टरला दाखवायला काढलेली. त्या भाच्याने हे सगळं अंगठ्याने सरकवत बघितलं होतं.

"हे बघा," यूए-शिया म्हणाली. आता ती दमली होती. "कुणी फोटो मागितले तर विचारा, कुठला हवा, कशाला हवा. एकावर भागत असेल तर एकच द्या. सगळे मागणारा देवाच्या नावाने मागो नाहीतर कमळाच्या, त्याला नाही म्हणा. आणि दुखणं डॉक्टरला दाखवा. तिथे निदान गाठ बघतात, फोटो बघून गाठीवर गोष्ट रचत नाहीत."

बी-जू तिच्याजवळ आली. तिने वहिनीच्या हातातला जुना मोबाइल घेतला, पडद्यावरच्या सायकलवाल्या मुलीकडे बघितलं.

"नाक तुझं आहे," ती म्हणाली. "उद्याची जियायीची बस किती वाजताची?"

शुक्रवारी ऑपरेशन झालं. गाठ निघाली. बी-जू आता पुन्हा कालवं फोडते, डाव्या हाताने जरा सावकाश.

बरी झाल्यावर ती आणि यूए-शिया तुमच्या कचेरीत आल्या. आठवतं? तक्रार नोंदवण्याआधी ओळख पटवायची म्हणून तुमच्या कारकुनाने बी-जूला यंत्रावर बोट ठेवायला सांगितलं. यंत्राने बोट घेतलं नाही. दहाच्या दहा बोटं झाली. शेवटी कारकुनाने सहीऐवजी तिच्या नावाचा शिक्का उमटवून घेतला आणि तक्रारीच्या कागदावर स्वतःच्या अक्षरात शेरा मारला, "अर्जदाराच्या बोटांचा ठसा यंत्रावर उमटत नाही." तो कागद तुमच्याच फायलीत आहे. त्याच फायलीत, तुमच्या त्या चार ओळींच्या पत्राखाली.

ॲप अजून दुकानात आहे. नाव बदललंय, कमळं तीच आहेत. विचारतं तेही तेच, आणि 'सगळे' अजून सगळ्यांत वर आहे.

म्हणून एकच विचारायचंय. जिचं बोट तुमच्या यंत्राला दिसलं नाही, मोबाइलच्या पडद्याला दिसलं नाही, तिने परवानगी 'स्वेच्छेने' दिली असं तुम्ही लिहिलंत. ते बोट कुणाचं होतं? शिक्का नको. खाली नाव लिहून उत्तर द्या.